हलवलेला घट

पाचवी माळ बांधायची म्हणून हरणाबाईनं तरवडाची फुलं सुपात घेतली आणि देवापुढं बसली. माळ धरलेला हात वर गेला आणि तिथंच थांबला. टोपलीतल्या मातीला एक कोंब नव्हता. घटाच्या भोवतीनं माती ओली होती, मऊ होती, नीट थापलेली होती. पण पहिल्या दिवशी होती तशीच काळीभोर. एरवी पाचव्या माळेला घट बोटभर वर आलेला असायचा. माळ सोडताना पात्यांना धक्का लागू नये म्हणून जपावं लागायचं.

चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या मालननं सासूची पाठ पाहिली. ती पाठ ताठ झाली, तशी मालनच्या हाताखालची भाकर फिरायची थांबली.

"मालन."

"जी, आत्याबाई."

"घटाची माती कुणी आणली व्हती?"

"म्याच की. मधल्या रानातनं. तुमी सांगितलं तिथनंच."

हरणाबाई वळली नाही. देवाकडं तोंड करूनच तिनं विचारलं, "त्या दिशी तू कडंला व्हतीस का?"

ओसरीवर सासरा कोंडिबा दम्याचा खोकला खोकत होता, तो खोकायचा थांबला. दारात बसून कासऱ्याला पीळ घालणाऱ्या लिंबाजीनं, मालनच्या नवऱ्यानं, मान खाली घातली. मालनच्या कानापर्यंत रक्त चढलं. जाळ चुलीत होता; भाजत मात्र ती होती.

"न्हाय," ती म्हणाली. "अजून पाळीला अवकाश हाय."

"मग देवी उगंच कोपती व्हय?"

दुष्काळाची दोन वर्षं मालननं या घरासाठी खडी फोडली होती. तळहाताची कातडी गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, त्याही सगळ्यांच्या शेवटी बसून. पण घट उगवला नाही, की घरात सगळ्यांत आधी बघायचं ते सुनेकडं. सारं गाव तसंच बघत असे, आणि मालनच्या आईनंही तसंच बघितलं असतं.

"आजपस्नं पाण्याच्या हंड्याला शिवू नगं," हरणाबाई म्हणाली आणि माळ बांधली.

हरणाबाई वाईट बाई नव्हती. मालन नवी सून म्हणून आली, तेव्हा तिला सासूचा अभिमानच वाटला होता. येरमाळ्याच्या बाजारात हरणाबाई दिसली की दुकानदार एकमेकांना हाक मारत, "आली रं तपासनीस!" ती मडकं घ्यायची ते उन्हाकडं धरून आतून बघून, बोटाच्या पेरानं चहूकडून वाजवून. तेल घेताना मापाच्या कडेला तेल चिकटून राहिलं, तर "उलटं धर. टिपका पडंस्तवर धर. माझी गाडी चुकत न्हाय," म्हणून उभी राहायची. लुगडं घ्यायची ते निम्मी घडी उलगडून, शेवटाला भोक नाही ना, हे बघून. एकदा एका कापडवाल्यानं तिला म्हटलं, "मावशे, एवढा अविश्वास?" तर ती म्हणाली, "इश्वास तुझ्यावर हाय रं. कापडावर न्हाय." तिच्यामागं उभी असलेली बाईही तेच करी, आणि असं करत करत आठवड्याच्या बाजारातली मापं हळूहळू नीट भरू लागली होती. स्वतःच्या गाठीला दोन पैसे राहावेत म्हणून ती हे करी. त्याचा फायदा न बोलणाऱ्या बायकांनाही होई.

पण तीच हरणाबाई सोसायटीच्या दारात मात्र गरीब झाली होती. मागच्या साली घराघरातलं बी खाऊन संपलं होतं. कणगीच्या तळाची ज्वारी, उतरंडीतल्या वानवळ्याच्या पुरचुंड्या, सगळं दुष्काळाच्या पोटात गेलं. यंदा पाऊस पडला, रानाला ओल आली, आणि पेरायला दाणा नाही. अशात सोसायटीनं रबीच्या ज्वारीची पोती दिली. शिवलेली, शिक्का मारलेली, आत छापील चिठ्ठी. पोतं डोक्यावर घेऊन घरी आलेल्या लिंबाजीची हरणाबाईनं दृष्ट काढली होती. शिवणीतले दोन टाके सैल करून तिनं घटापुरतं मूठभर बी काढलं, टाके परत ओढून घेतले. वाजवलं नाही, चावलं नाही. सरकारनं दिलेलं बी कोण चावून बघतं?

दुपारी हरणाबाईनं मालनला मागल्या दारी बोलावलं. आवाज खाली होता.

"सरुबाईकडं जा. तिच्या म्हायेरनं गहू आल्यात. मूठभर आण. म्हणावं, परसादाला पायजेत."

मालनला कळलं. रातोरात मातीत गहू टाकायचा, चार दिवसांत कोंब येतील, दसऱ्याला टोपीत खोवायला तुरा होईल. गावाला काही दिसणार नाही. पण घरातल्याला दिसलेलं कसं पुसणार?

सरुबाईचं घर भिंतीला भिंत लागून. तिचा बैल आणि यांचा बैल मिळून एक औत होई, इतकं शेजारपण. सरुबाई लसूण सोलत होती.

"मावशी, मूठभर गहू द्या म्हणल्या आत्याबाई. परसादाला."

सरुबाईनं मान वर केली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्याबी घरी?"

निघालं आणि तिनं जीभ चावली. मालन बघत राहिली. तिची नजर सरुबाईच्या खांद्यावरून आत गेली. देवापुढं टोपली होती. टोपलीत कोंब होते, पण पाचव्या माळेचे नव्हते. नुकते मातीतून डोकं काढलेले, सुईच्या टोकाएवढे. परवा पेरल्यासारखे.

"मावशी," मालन हळू म्हणाली, "तुमी पैलं कुठलं बी घातलं व्हतं?"

"चूप बस की गं." सरुबाईनं तिला हाताला धरून आत ओढलं. "सोसायटीचंच. दुसरं हाय कुठं? उगवलं न्हाय बग. माझं मला म्हाईत, म्या मागं एक नवस फेडला न्हाय. त्येच नडलं. नागूबाईबी काल आली व्हती, गहू न्यायला. तिला वाटतंय तिच्या जावंनं काय करणी केली. कुणाला सांगू नगंस म्हनली. तूबी सांगू नगं."

मालन गहू पदरात बांधून घरी आली. सरुबाईच्या माहेरचा गहू साऱ्या आळीच्या लाजेवर पांघरूण घालत फिरत होता, आणि जिची तिची लाज जिच्या तिच्या घरात कोंडलेली होती.

तिनं सासूला सगळं सांगितलं. हरणाबाईनं विचारलं, "सरुनं सोसायटीचंच घातलं व्हतं?"

"जी."

"आन नागूबाईनं?"

"त्येच."

हरणाबाई उठली. देवापुढं बसून तिनं मातीत बोट घातलं, एक दाणा वर काढला आणि दोन नखांत फोडला. आत पीठ होतं, करड्या रंगाचं, कुबट वासाचं. दुसरा फोडला. तिसरा. मग पोत्याकडं गेली, टाक्यांच्या फटीतून कोरडा दाणा ओढला आणि दाढेखाली धरला. दाणा कट्कन फुटला नाही, दबला. तिनं तो तळहातावर थुंकला आणि बघत राहिली, जसं बाजारात मडकं बघायची तसं.

"आये येडेश्वरी," ती म्हणाली, "तुला म्या उगंच मधी वडलं गं."

मालन खांबाला टेकून उभी होती. पुढं आपलंही नाव येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

हरणाबाईनं पदर खोचला आणि टोपलीच्या दोन्ही कडा धरल्या.

"अगं ए!" कोंडिबा ओसरीवरनं ओरडला. दम लागला तरी उठला. "लिंबाजीची आई, बसलेला घट हलवत न्हाईत! दसऱ्याच्या आत न्हाय! काय डोस्कं फिरलं का काय?"

"बसलाय कुठं? बसला असता तर उगवला असता."

"इपरीत व्हईल."

"व्हायचं त्ये झालंय. अवो, ह्ये बी उद्या रानात गेलं तर? वरीसभर काय खायचं, माती?" तिनं टोपली डोक्यावर घेतली. घटातलं पाणी डचमळलं आणि तिच्या कपाळावर ओघळलं. मालनला वाटलं, सासू आता टोपली खाली ठेवेल. पण पाय चालू लागले.

"मालन, सोसायटीनं दिल्याला कागद घे. आन चल माझ्यासंगं."

सोसायटीची खोली मारुतीच्या पाराशेजारी. बाहेर आडावर पाणी भरायला बायका जमल्या होत्या. डोक्यावर घट घेऊन येणारी हरणाबाई बघून त्यांचे हात दोरावरच थांबले. एक म्हातारी मोठ्यानं "अगाई गं" म्हणाली.

चेअरमन कल्याणप्पा माणूस भला होता. दुष्काळात पाण्याचा टँकर गावात यावा म्हणून त्यानं चार वेळा धाराशिव गाठलं होतं. पण वरच्या कचेरीचा शिक्का दिसला की तो आपोआप उभा राही. त्याच्याजवळ खुर्चीवर सोसायटीचा सचिव महारुद्र बसला होता.

हरणाबाईनं टोपली त्यांच्या पायाशी उतरवली.

"अप्पा, तुमचं बी बघा."

"आक्का! घट हलवला तुमी?"

"मेल्यालं बी हलवलं. घट उगवलाय कुठं?"

"बाई," महारुद्र म्हणाला, "पोत्यावर शिक्का आहे. तपासून आलेलं बी आहे ते."

"शिक्का उगवतो व्हय रं?"

पाण्यावरच्या बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. कल्याणप्पानं घसा साफ केला. "हे बघा आक्का. पोतं एकदा गेलं की परत घेत न्हाईत. असा कायदाच हाय. तुमी पेरा तरी. न्हाय उगवलं तर अर्ज करा. मी स्वतः घेऊन जाईन वर."

"अप्पा, पेरल्यावर काय दाखवू तुमाला? रिकामं रान?" हरणाबाईचा आवाज चढला नाही, उलट बाजारातल्यासारखा ठाम आणि सावकाश झाला. "मग तुमी म्हणणार, पेर उथळ पडली. ओल गेली व्हती. पाखरांनी खाल्लं. तवा मी काय बोलू? आज बी पोत्यात हाय. शिवण शाबूत हाय, चिठ्ठी जागेवर हाय, कागद सुनंच्या हातात हाय. आज ह्ये तुमचं हाय अप्पा. मातीत गेलं की माझं."

बोलणं कल्याणप्पाला पटलं होतं, आणि म्हणूनच तो दुसरीकडं वळला. "पर आक्का, गावात एवढे घट बसले. तुमच्या एकलीच्या घरी उगवलं न्हाय म्हणून साऱ्या बियाला नाव ठेवायचं? घरातबी बघावं लागतं. काय घडलं असंल..." त्याची नजर मालनवर आली आणि पटकन बाजूला झाली. साऱ्या पाराची नजर मात्र तिथंच राहिली.

मालनच्या हातातला कागद चुरगळला. तोंडापर्यंत शब्द आले होते: सरुमावशीला विचारा, नागूबाईला विचारा. दोघी तिथंच होत्या. सरुबाई घागरीच्या तोंडाकडं बघत होती. मालननं सासूकडं पाहिलं. हरणाबाईनं कुणाला दिसणार नाही अशी मान हलवली. नको. दुसरीची झाकलेली लाज उघडून आपली सुटका करायची नाही, एवढंच त्या मानेत होतं. मालननं शब्द गिळले. पण त्या क्षणी सासूबद्दलचा सकाळचा राग कुठंतरी सैल झाला.

"घरात काय घडलं न्हाय," हरणाबाई म्हणाली. "माझी सून सोन्यासारखी हाय. म्या दुसऱ्या कुणाचं नाव घेणार न्हाय. ज्याला दिसलंय त्यानं आपल्या तोंडानं बोलावं. न्हायतर सारं गाव ह्ये पेरा आन गप बसा."

रहाट करकरला आणि थांबला.

तेवढ्यात खोलीमागच्या घरातून कल्याणप्पाची बायको पार्वतम्मा बाहेर आली. अंगानं भारी बाई, चालीला जरा मंद. तिच्या दोन्ही हातांत टोपली होती. टोपलीत हिरवे, बोटभर उंच कोंब. गावातला सगळ्यांत देखणा घट.

"पारू, आत जा," कल्याणप्पा म्हणाला.

"जाते की." तिनं टोपली हरणाबाईच्या टोपलीशेजारी ठेवली, खाली बसली, आणि मुठीत कोंब धरून उपटले. बायका किंचाळल्याच. मुळांसकट मातीचा थर वर आला. "ह्ये गहू हाय. माझ्या भावानं पाठविल्याला. आता खालचं बघा." तिनं माती उकरून तळहातावर दाणे घेतले. फुगलेले, करडे, कुजके. नवऱ्यापुढं धरले. "तुमच्याच सोसायटीचं. दुसऱ्या दिशी कुबट वास आला, तवा भिजल्याला गहू दाबला वरनं. चेअरमनच्या घरचा घट उगवला न्हाय म्हणलं तर आपली इज्जत काय राहील? म्हणून गप बसले. आणि तुमी त्या पोरीकडं बघताव!"

कल्याणप्पाचा चेहरा पडला. तो बायकोच्या हातातले दाणे बघत राहिला.

"माझाबी गव्हाचाच हाय," सरुबाई घागर ठेवून म्हणाली.

"माझाबी," नागूबाई म्हणाली, आणि लगेच, "आन म्या माझ्या जावंशी तीन दिस बोलले न्हाय!"

मग एकेक घर बोलू लागलं. कुणी रडत, कुणी हसत. एकीनं नवऱ्याच्या दारूवर खापर फोडलं होतं, एकीनं सासऱ्याच्या राहिलेल्या श्राद्धावर. एक म्हणाली, "म्या तर मांजर मारल्याली आठवली, ल्हानपनीची!" त्यावर हशा पिकला, आणि त्या हशात कितीतरी जणींच्या छातीवरचा धोंडा खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराघरातली पोती सोसायटीत परत आली. शिवलेली, चिठ्ठीसकट. ज्यांनी शिवण फाडली होती, त्यांना महारुद्र आधी नाही म्हणाला. हरणाबाई त्याच्या पुढ्यात बसली, तेव्हा हो म्हणाला. कल्याणप्पानं कुजक्या दाण्यांची पुरचुंडी खिशात घातली, पोती बैलगाड्यांतून हमरस्त्याला काढली आणि तिथून ट्रकनं वरच्या संघाकडं निघाला. जाताना म्हणाला, "आक्का, बी घेऊनच येतो. न्हाय तर येत न्हाय."

आणि तो आलाच नाही. सहावी माळ गेली, सातवी गेली. वर ऊन कडक पडू लागलं. मधल्या रानातलं ढेकूळ फोडलं की सकाळी हाताला गार लागे, दुपारी लागत नसे. पुरुष पारावर बसून आधी आभाळाकडं, मग हरणाबाईच्या घराकडं बघू लागले.

"बायांचं ऐकून बी घालवलं हातचं."

"निम्मं तरी उगवलं असतं की."

लिंबाजी ते ऐकून घरी आला आणि औताची दोरी भिंतीवर आपटून म्हणाला, "आई, वल गेली की झालं! गाव आपल्याला जगू देनार न्हाय."

"कुळव जोड," हरणाबाई म्हणाली. "पाळी घाल. वरची माती भुसभुशीत ऱ्हायली तर खालची वल दबून ऱ्हाती."

मालननं आणि तिनं कुळवामागून दिवसभर कुंद्याच्या तणाची मुळं वेचली. दोघींच्या कमरा धरल्या. बांधावर बसून हरणाबाईनं आपल्या भाकरीतली चतकोर मालनपुढं सरकवली आणि दुसरीकडं बघत राहिली. पाण्याच्या हंड्याचं काय, ते अजून कुणी बोललं नव्हतं. त्या संध्याकाळी मालन हंड्याला शिवली, तांब्या भरला, सासूच्या हातात दिला. सासू प्याली.

रात्रीची हरणाबाई झोपत नव्हती. तिच्या बांगड्यांचा आवाज मालनला ऐकू येई. बी आलं नाही, तर देवीचा घट हलवणारी ती, आणि गावाचं पीक बुडवणारीही तीच. मालन अंधारात पडून आपल्यासाठी काही मागायची विसरली. एवढी बाई खोटी पडू नये, इतकंच तिनं येडेश्वरीला सांगितलं.

दसऱ्याला पुरुष सीमोल्लंघनाला निघाले. गव्हाचा खोटा तुरा कुणी खोवला नाही; एकाच्याही टोपीत घटाचा तुरा नव्हता. सगळ्यांच्याच टोप्या बोडक्या, म्हणून कुणालाच लाज वाटली नाही. कोंडिबा खोकत खोकत मधे चालला होता आणि ज्याला त्याला सांगत होता, "आमच्या घरच्या बाईनं हलवला घट. आमच्या!"

ते गावाबाहेर पोचतात न पोचतात, तोच वळणावर ट्रकचा धुरळा दिसला. कल्याणप्पा पोत्यांवर बसून आला होता. दाढी वाढलेली, सदरा पोटाशी ओला आणि डागाळलेला.

"एवढा उशीर, अप्पा!" कुणी रागानं विचारलं.

"बी तिसऱ्याच दिशी देत व्हते," तो खाली उतरत म्हणाला. "पर मी म्हणलं, असं न्हाय घेणार. हरणाआक्काला काय सांगू?" त्यानं सदरा वर केला. पोटाशी उपरण्यानं घट्ट बांधलेली ओली पुरचुंडी होती. "म्हणून मूठभर भिजवून पोटाशी बांधलं आन त्यांच्या व्हरांड्यात बसलो. सारी कचेरी हसत व्हती. चेअरमन मटकीला मोड आणायलाय म्हणं." त्यानं गाठ सोडली.

पांढरेशुभ्र, टपोरे मोड होते. एका दाण्याला नाही असं नव्हतं. पुरुष ते बघायला वाकले, आणि बघता बघता त्यातल्या कुणीतरी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी गावभर तिफणी उभ्या राहिल्या. हरणाबाईच्या रानात सरुबाईचा बैल आला, लिंबाजीनं तिफण धरली. खालची ओल दबून राहिली होती. फण मातीत शिरला आणि वर काळं, गार तास उमटलं. दरसाल बी सोडायला तिफणीच्या चाड्यावर हरणाबाईच मूठ धरायची. या घराचं बी तिच्याशिवाय कुणाच्या हातून मातीत पडलं नव्हतं. तिनं ओटीत बी घेतलं, तिफणीमागं चार पावलं गेली, आणि थांबली.

"मालन, हिकडं ये."

मालन बांधावरून आली. हरणाबाईनं तिचा पदर पुढं ओढला, त्यात आपली ओटी रिकामी केली, आणि त्याची गाठ आपल्या हातानं तिच्या कमरेला आवळली. गाठ मारताना ती तिच्याकडं बघत नव्हती.

"धर मूठ."

"म्या? आत्याबाई, मला जमंल का..."

"चाल. बैल थांबत न्हाईत."

मालननं चाड्यावर मूठ धरली. दाणे नळ्यांतून खडखडत खाली गेले. लिंबाजीनं मागं वळून पाहिलं आणि हसू लपवायला बैलाला हाक दिली. हरणाबाई तासाच्या कडेनं चालत होती. वाकून बघत होती, फणामागं दाणा कसा पडतो ते. तासाच्या शेवटाला एकदम ओरडली.

"अगं, लई दाट सोडायलीस की! फुकटचं हाय व्हय बी?"

मालननं हात आवरला. पण हसू तिला आवरलं नाही.